धोंडी बाबाजी की धोंडीबा बाजी? १९४४च्या एका लष्करी पाकिटाचा माग

पार्श्वभूमी

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी गंजलेल्या पान्यांपासून पितळी समयांपर्यंत सगळं मिळतं. तिथे एक रद्दीवाला जमिनीवर प्लास्टिक अंथरून जुने कागद मांडतो. २०२३च्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ संग्राहकांनी त्याच्याकडून दीडशे रुपयांना एक पाकीट घेतलं. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. काकांचा मूळ नाद संस्थानी तिकिटांचा. लष्करी टपाल त्यांनी कधी गोळा केलं नव्हतं. या पाकिटावर तिकीट नव्हतं आणि तरी ते पोचलेलं होतं, एवढ्याच कुतूहलापोटी त्यांनी ते उचललं.

पुढचे अकरा महिने आम्ही तिघं त्याच्या मागे होतो: काका, मी आणि मोडी वाचणाऱ्या एक बाई. काय केलं, कुठे फसलो आणि कुठे केवळ नशिबाने वाचलो, ते इथे क्रमाने मांडतो. माणसांची नावं बदलली आहेत. मात्र बदलताना मूळ नावातलं कोडं तसंच राहील असं पाहिलं आहे, कारण सगळं प्रकरण त्या कोड्यावरच फिरतं. गावालाही इथे वडगाव म्हणतो. दर तालुक्यात एखादं असतंच असं ते नाव आहे, आणि खरं नावही त्याच जातीचं आहे.

पाकिटावर काय होतं

हलक्या, पिवळट कागदाचं पाकीट, उजव्या कडेने घाईत फाडलेलं. आत काही नाही. वर डाव्या कोपऱ्यात हाताने इंग्रजीत ‘ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस’ लिहिलेलं. मोहिमेवरच्या सैनिकाचं साधं पत्र बिनतिकिटाचं जात असे, त्याची ही खूण. उजवीकडे गोल शिक्का: एफ.पी.ओ. (म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस), त्यापुढे नंबर आणि २३ ऑगस्ट ४४ ही तारीख. गावाचं नाव नाही. मध्ये सेन्सॉरचा शिक्का, जांभळ्या शाईचा, जरा सरकलेला. आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात एका झटक्यात केलेली इंग्रजी सही. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं लागत होती, पुढे नुसती रेघ.

पत्ता इंग्रजीत, बोरूने काढल्यासारख्या स्वच्छ अक्षरात: सगुणाबाई पवार, केअर ऑफ हेडमास्तर, मराठी शाळा, वडगाव, तालुका ‘वा’. त्या ‘वा’नंतरच्या अक्षरांवर नेमका सेन्सॉरचा शिक्का बसलेला. शेवटी जिल्हा सातारा. पवारचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, म्हणजे ‘पोवार’ वाचावं लागेल असं.

मागच्या बाजूला दोन गोष्टी होत्या. पोचल्याचा फिकट शिक्का, ज्यात गावाच्या नावाची शेवटची अक्षरं आणि ऑक्टोबर महिना एवढंच दिसत होतं. आणि झाकणाच्या पट्टीवर मोडीत एक ओळ. तिचा फोटो काकांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, “हे काय, गोगलगाय चालून गेल्यासारखं?”

अडचण

पाठवणारा कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण युद्धकाळातलं टपाल मुळात ठावठिकाणा लपवण्यासाठीच आखलेलं असतं. फील्ड पोस्टाचा नंबर जागेचा नसतो. तो एका टपाल तुकडीचा असतो, आणि ती तुकडी फौजेबरोबर हलते. एकाच नंबरचा शिक्का या महिन्यात एका देशात तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशात उमटलेला सापडतो. त्यामुळे नंबराबरोबर तारीख नसेल तर त्या नंबराला काही अर्थ नाही. संग्राहकांनी छापलेल्या याद्यांवरून आमचा नंबर १९४४च्या ऑगस्टमध्ये इटलीत होता, इथपर्यंत पोचलो. इटलीत तेव्हा चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन इंडियन डिव्हिजन लढत होत्या. म्हणजे हजारो माणसं.

आडनाव पवार, जिल्हा सातारा म्हटल्यावर कुणीही म्हणेल, मराठा लाइट इन्फन्ट्री. आम्हीही म्हटलं. पण सातारचा पवार खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये असू शकतो, तोफखान्यात असू शकतो, सर्व्हिस कोअरमध्ये ट्रक चालवत असू शकतो. आडनावावरून पलटण ठरवणं म्हणजे पूर्वग्रह. योगायोगाने तो खरा निघाला तरी पूर्वग्रहच.

समोरचे पर्याय

काकांच्या घरी चहावर आम्ही चार वाटा मांडल्या.

पहिली, पाकिटाचा फोटो फेसबुकवर टाकून ‘या गावचे कोणी आहे का?’ असं विचारणं. सगळ्यात जलद. पण पत्ता एका बाईच्या नावाचा, तिची नातवंडं हयात असण्याची दाट शक्यता, आणि पत्र कशाबद्दल होतं ते आम्हाला ठाऊक नाही. ही वाट बंद ठेवली, आणि हा आमचा सगळ्यात शहाणा निर्णय ठरला. कारण पुढे येईलच.

दुसरी, सेन्सॉर शिक्क्याच्या नंबरावरून तुकडी शोधणं. कुठला नंबर कुणाकडे होता हे संग्राहक पाकिटांवरूनच जुळवत आले आहेत आणि त्या याद्या अर्धवट आहेत. आमचा नंबर त्यात नव्हता.

तिसरी, सेन्सॉरचे अहवाल. मध्यपूर्वेच्या लष्करी सेन्सॉर खात्यात हिंदी सैनिकांच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत उतरवून दर पंधरवड्याला अहवाल तयार होत. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. वाचायला विलक्षण, पण लिहिणाऱ्याचं नाव त्यात सहसा नसतं. शिपाई, हवालदार असा हुद्दा असतो. आमच्या कामाचे नाहीत म्हणून सोडले.

चौथी, पत्त्याकडून माणसाकडे जाणं. गाव, शाळा, घर. सगळ्यात कष्टाची आणि पायपिटीची वाट.

आम्ही चौथी निवडली असं आज ऐटीत सांगता येईल. खरं म्हणजे आम्ही आधी पाचवीच धरली, जी यादीत नव्हतीच: ती सही.

काय केलं

सहीच्या मागे तीन आठवडे

डाव्या कोपऱ्यातली सही पाहून काकांनी एक गोष्ट रचली, आणि ती इतकी पटण्यासारखी होती की मीही तिच्यात वाहवलो. गोरा अधिकारी, सातारच्या खेड्यातल्या एका बाईला पत्र लिहितो. कशासाठी? तिचा मुलगा पडला म्हणून. हे सांत्वनपत्र आहे. पाकीट घाईत फाडलेलं आहे, तेही त्यात बसलं. काकांचा आवाज सांगताना कापरा झाला होता.

मग आम्ही कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर इटलीत पडलेले पवार शोधायला बसलो. हिंदी सैनिकांच्या नोंदीत पुष्कळदा आईवडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं, म्हणून आशा होती. हे काम करणाऱ्यांना एक सांगतो: इंग्रजीतल्या पवारच्या एका स्पेलिंगवर थांबू नका. पवार, पोवार, पावर, पवर, ज्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं आहे. जाधव, मोरे, शिंदे यांचीही हीच तऱ्हा. आम्ही सगळी रूपं धुंडाळली. सगुणाबाईचा मुलगा सापडला नाही.

गोष्ट मोडली ती एका साध्या माहितीने, जी लष्करी टपाल गोळा करणाऱ्या कुणीही आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितली असती. पलटणीतल्या माणसांची पत्रं पलटणीतलाच अधिकारी तपासत असे आणि तपासल्याची सही पाकिटाच्या कोपऱ्यात करत असे. सही पाठवणाऱ्याची नव्हे, तपासणाऱ्याची. तरीही काकांचं सगळंच चूक होतं असं नाही. अधिकारी स्वतःच्या पत्रांवरही अशीच सही करत, म्हणजे सहीवाला हाच पाठवणारा असणं अशक्य नव्हतं. निर्णय केला तो भिंगाने. सहीची शाई काळी, पत्त्याची निळसर. सहीतला कलता फराटा पत्त्याच्या उभ्या अक्षरांत कुठेच नाही. आणि इंग्रज अधिकारी मागच्या पट्टीवर मोडी लिहिणार नाही.

आता विचार करा, पहिल्या आठवड्यात आम्ही फेसबुकवर ‘शहीद जवानाच्या कुटुंबाचा शोध’ असं टाकलं असतं तर?

मोडीची ओळ

मोडी वाचणाऱ्या बाईंना फोन केला तेव्हा त्या हसल्या. “दोन महिने तरी थांबा हो. मोडी वाचणाऱ्याला सध्या जेवायला सवड नाही.” कुणबी नोंदींचा शोध तेव्हा जोरात होता. गावोगावची जुनी दप्तरं, शाळांची रजिस्टरं बाहेर निघत होती आणि मोडी जाणणारी माणसं प्रत्येक जिल्ह्याला हवी होती. आम्हाला त्या गडबडीचा उलट फायदा झाला, तो पुढे सांगतो.

बाईंनी ओळ लावली ती अशी: ‘धोंडीबाबाजीपवार याजकडून’. अक्षर सरावाच्या माणसाचं होतं, तरण्या शिपायाचं नव्हे. कुणा जुन्या हवालदाराने किंवा सुभेदाराने लिहून दिलेलं असावं, असं त्या म्हणाल्या.

काका खुश झाले. नाव सापडलं! बाई मात्र थांबल्या. मोडीत लेखक आधी ओळभर शिरोरेघ ओढतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो. शब्दांमध्ये जागा सोडण्याची सक्ती नाही. त्यामुळे ही ओळ दोन प्रकारे तुटते. धोंडी बाबाजी पवार, म्हणजे बाबाजीचा मुलगा धोंडी. किंवा धोंडीबा बाजी पवार, म्हणजे बाजीचा मुलगा धोंडीबा. अक्षरं तीच, क्रम तोच, बाप वेगळा.

मी अर्धा तास कागदावर दोन्ही लिहून पाहत बसलो. देवनागरीत जोडून लिहिलं तरी तोच घोळ. बाई म्हणाल्या, “मोडीवरून याच्या पुढे मी सांगणार नाही. सांगितलं तर ते वाचन नसेल, अंदाज असेल.” या कामात असा माणूस जवळ असणं फार महत्त्वाचं. आमच्यासारखे हौशी लोक सोयीचं ते वाचतात.

वाई की वाळवा

‘तालुका वा’ म्हणजे वाई, हे आम्ही गृहीतच धरलं. सातारा जिल्हा, ‘वा’वरून सुरू होणारा तालुका, दुसरं काय असणार? पाठीमागच्या फिकट शिक्क्यातली शेवटची अक्षरं आम्ही ‘आपूर’ अशी वाचली आणि कोल्हापूर म्हणून मोकळे झालो. वाई तालुक्यात त्या नावाची जी वस्ती सापडली तिथे काका दोनदा जाऊन आले. तिथे पवार भरपूर, सगुणाबाई कुणालाच माहीत नाही. तलाठ्याने चहा पाजला, एवढीच कमाई.

खटकायला हवी होती ती गोष्ट महिनाभर आमच्या डोळ्यांसमोर होती. मुंबईत उतरलेलं पत्र वाईला यायचं तर ते वाठार स्टेशनच्याही पुढे कोल्हापूरपर्यंत खाली जाऊन परत वर कशाला येईल? हा प्रश्न विचारला तो काकांच्या सुनेने, स्वयंपाकघरातून, आमचं बोलणं ऐकता ऐकता. तिचं माहेर सांगलीचं. तिने पुढचा प्रश्नही विचारला: “आणि वाळवा नाही का होणार?”

आम्ही दोघं गप्प. आजचा सांगली जिल्हा १९४४ साली नव्हताच. १९४९मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण सातारचं नाव १९६०मध्ये सांगली पडलं. त्याआधीच्या पाकिटावर ‘जिल्हा सातारा’ लिहिलेलं असेल तर वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही त्यातच येतात. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. माहीत होती, पण पाकिटाशी जोडलीच नव्हती.

पाकीट पुन्हा काढलं. खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी कागदाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरली, फोटो काढला आणि त्याचा रंग कमी-जास्त करून पाहिला. शिक्क्यात ‘आपूर’च्या जागी एक ‘एम’ उभा राहिला: ‘आमपूर’. इस्लामपूर. वाळवा तालुक्याचं ठाणं इस्लामपूरला. तालुक्याचं नाव एक, कचेरी दुसऱ्या गावात. शिक्का कुठलाही असो, त्यातली न दिसणारी अक्षरं आधी मनात भरू नयेत, हे मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. नंतरही दोनदा तीच चूक केली, तो भाग वेगळा.

त्या ऑक्टोबरात वाळवा-तासगावच्या पट्ट्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. इंग्रजांच्या फौजेतल्या शिपायाचं पत्र इंग्रज सरकारच्या टपालाने त्याच मुलखात पोचत होतं, जिथे पोरं त्याच सरकारविरुद्ध भूमिगत होती. याचा आमच्या शोधाशी थेट संबंध नाही, पण पाकीट हातात धरताना मला दर वेळी आठवतं.

शाळेचं जनरल रजिस्टर

पाकीट मास्तरांच्या नावे का आलं, याचं कारण उघड होतं. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. पत्र शाळेत यायचं, मास्तर निरोप धाडायचे, आई पदराला हात पुसत शाळेच्या पायरीवर येऊन बसायची आणि मास्तर वाचून दाखवायचे. हे चित्र अर्थात माझ्या मनातलं, पण ‘केअर ऑफ हेडमास्तर’ याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

म्हणून वाळव्यातल्या वडगावात आम्ही घरं शोधण्याआधी शाळेत गेलो. तेव्हाची लोकल बोर्डाची मराठी शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. इथे कुणबी नोंदींच्या धावपळीचा फायदा झाला: जुनी रजिस्टरं नुकतीच माळ्यावरून उतरवून, झटकून, कपाटात लावून ठेवली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तीन महिन्यांपूर्वी आला असता तर मी तुम्हाला शिडी दिली असती फक्त.”

आम्ही आधी लेखी अर्ज दिला, पाकिटाचा फोटो जोडला आणि फोटो काढणार नाही, फक्त पाहू, असं कबूल केलं. १९२५ ते १९३५ या वर्षांतली पानं मोडीवाल्या बाई आणि मी मिळून चाळली. पवार अकरा निघाले. त्यातला एक: पवार धोंडीबा बाजी. देवनागरीत, रकाने आखलेले, नाव आणि बापाचं नाव यांच्यात चांगली बोटभर जागा. तिसरीतून नाव कमी, कारण ‘सतत गैरहजर’. बाबाजीचा धोंडी त्या रजिस्टरात नव्हता.

बाईंनी तरीही मान हलवली. रजिस्टर सांगतं की असा मुलगा होता. पत्र त्यानेच पाठवलं हे सांगत नाही. बाबाजीचा धोंडी शाळेत गेलाच नसेल तर?

सही परत उपयोगी पडली

मधल्या काळात मी ती टाकून दिलेली सही पुन्हा उचलली. पाठवणारा ती सांगत नव्हती, पण तपासणारा अधिकारी कळला तर त्याची पलटण कळते, आणि तपासणारा व पाठवणारा एकाच पलटणीतले. इंडियन आर्मी लिस्टमध्ये अधिकारी पलटणीवार छापलेले असतात आणि तिच्या काही अंकांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर मिळतात. आडनावाची पहिली अक्षरं आणि नावाचं आद्याक्षर एवढ्यावर चार उमेदवार निघाले, त्यातला एकच मराठा पलटणीत. लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात युद्धकाळातल्या पलटणींच्या रोजनिश्या आहेत. तिकडे राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने सुट्टीच्या दिवशी जाऊन मराठा पलटणीच्या पहिल्या बटालियनच्या १९४४च्या पानांचे फोटो पाठवले. रोजनिशीत शिपायांची नावं क्वचित असतात, पण अधिकारी आला-गेला ते असतं. आमचा सहीवाला त्या उन्हाळ्यात तिथे रुजू झालेला होता.

पहिली बटालियन आठव्या इंडियन डिव्हिजनच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये होती आणि त्या ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सच्या परिसरात. त्याच सुमारास जवळच्या मोंतेगुफोनीच्या वाड्यात, बॉम्बपासून वाचवायला हलवलेली उफ्फिझी संग्रहालयाची चित्रं मराठा जवानांच्या पहाऱ्यात होती. बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ही त्यात होतं. तिसरीतून शाळा सोडलेला आमचा माणूस त्या पहाऱ्यावर उभा होता असं म्हणायचा मोह काकांना आवरला नाही. मी ते वाक्य त्यांच्या टिपणातून खोडलं. त्यांनी ते परत लिहिलं. मी परत खोडलं.

निष्पत्ती

गावात पवारांच्या आळीत जायचं ठरवलं तेव्हा काय बोलायचं हे आम्ही आधी ठरवून गेलो. पाकीट पुढे करायचं नाही. आधी विचारायचं, की तुमच्या घरात कुणी जुन्या लढाईत होतं का? माणूस गेला की परतला, यावर आपण होऊन एक शब्द काढायचा नाही.

दाराशी सत्तरीच्या एक मावशी भेटल्या. धोंडीबांच्या सूनबाई. “आमचं मामंजी व्हतं की इटलीला,” त्या म्हणाल्या, जणू इटली म्हणजे इस्लामपूरच्या पलीकडचा थांबा. धोंडीबा १९४६ला परत आले, मुंबईला गिरणीत लागले, म्हातारपणी गावी येऊन वारले. सगुणाबाई म्हणजे त्यांची आई, बाजींची बायको. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यातलं सांत्वनपत्र त्या क्षणी कायमचं फाटलं.

मावशींनी ट्रंकेतून पदकं काढली. चांदणीच्या आकाराचं एक आणि गोल एक. गोल पदकाच्या कडेवर बारीक अक्षरं ठोकलेली: नंबर, शिपाई, नाव, मराठा एल.आय. पलटणीचा प्रश्न तिथे संपला. पण नाव? मी भिंग लावलं. धोंडी, मग जागा, बाबाजी, मग जागा, पोवार.

लष्कराने त्यांना बाबाजीचा मुलगा केलं होतं. भरतीच्या दिवशी कुणा कारकुनाने जोडून ऐकलेलं किंवा मोडीत लिहिलेलं नाव आम्ही जसं तोडलं तसंच तोडलं, आणि ते आयुष्यभर तसंच राहिलं.

मावशींना यात नवल वाटलं नाही. त्यांना तो घोळ पाठ होता. राज्य शासन दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत देतं. मावशींच्या सासूबाईंनी, म्हणजे धोंडीबांच्या बायकोने, अर्ज केला तेव्हा संबंधित कार्यालयाने विचारलं, लष्कराचे कागद धोंडी बाबाजीचे, रेशनकार्ड आणि सात-बारा धोंडीबा बाजीचा, ही एकच व्यक्ती कशावरून? प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. “आत्याबाईंच्या चपला झिजल्या,” मावशी म्हणाल्या. मदत मंजूर झाली. त्यानंतर सासूबाई वर्षभर जगल्या.

आम्ही तेव्हा पाकीट काढलं. मोडीची ओळ दाखवली. मावशींनी ते हातात घेतलं नाही, आधी हात धुऊन आल्या. मग बराच वेळ सासूच्या सासूचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते पाहत राहिल्या. वाचता येत नव्हतं तरी.

परत येताना काकांनी निर्णय घेतला की मूळ पाकीट त्यांना द्यायचं. मी विरोध केला नाही, पण नीट पाकिटबंद करून, आम्लमुक्त कागदात घालून मग देऊ, असं म्हटलं. पुढच्या खेपेला ते घेऊन गेलो. मावशींनी नातवाकडे पाहिलं, मग छपराकडे. “पावसाळ्यात समदं घर गळतंय. पदकं टरंकंत हाईत म्हणून टिकली. ह्ये कागद कुठं ठिवू? तुमच्याकडंच असूं द्या. फोटो द्या एक, मोठा, काचंचा.” फोटो दोन्ही बाजूंचा करून दिला. पाकीट काकांकडे आहे, आणि मावशींनी मागितलं की परत द्यायचं असा कागद दोघांच्या सहीने त्याच्यासोबत ठेवला आहे. काकांच्या मुलालाही तो कुठे आहे ते माहीत आहे.

आता करायचं झालं तर

सहीपासून सुरुवात करणार नाही, हे उघडच आहे. जिल्ह्याचं नाव वाचलं की आधी त्या सालचा नकाशा काढेन, आजचा नाही. वाई-वाळव्यात गेलेले दोन महिने केवळ याने वाचले असते. मोडीच्या ओळीचे दोन्ही तोड पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या रकान्यांत चालवेन. रजिस्टरात धोंडीबा बाजी सापडल्यावर मी मनातल्या मनात दुसरा रकाना मिटवला होता, आणि पदकावर तोच निघाला. तो बंद करून शोधलं असतं तर लष्कराच्या दप्तरात आमचा माणूस कधीच मिळाला नसता.

सैनिक कल्याण कार्यालयाकडे आधी जायला हवं होतं का, यावर काका आणि माझं एकमत नाही. काका म्हणतात, सगळं एका अर्जात झालं असतं. माझं म्हणणं, तिथे आम्ही धोंडीबा बाजीच विचारला असता आणि ‘अशी नोंद नाही’ हे उत्तर घेऊन परतलो असतो.

खरी चूक मात्र जुन्या बाजारातच झाली होती, पहिल्या दिवशी, दीडशे रुपये मोजताना. रद्दीवाल्याकडे त्या लॉटमध्ये आणखी कागद होते. काकांना आठवत होतं: दोरीने बांधलेला गठ्ठा, वर शाळेच्या हजेरीचा पुठ्ठा. मास्तरांच्या घरचंच दप्तर असणार ते. काकांनी वरचं पाकीट तेवढं ओढून घेतलं होतं.

वडगावहून आल्यावर पुढच्या बुधवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. त्याला गठ्ठा आठवला. कधीच रद्दीत गेला होता. काकांनी विचारलं, त्यात पत्रं होती का हो, हाताने लिहिलेली?

“व्हती की, लई व्हती,” तो म्हणाला. “तुमी लोक पाकिटं घेता. आतली पत्रं काडून टाकायची आमी, वजन व्हतं म्हणून. पत्रं कोन घेतंय?”